एका खिळ्यापुरता फोटो

माझा साडू वाईट माणूस असता तर माझं बरंच सोपं झालं असतं. पण तो वाईट नाही. बोलायला गोड, वागायला सरळ, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि सासरे आजारी होते तेव्हा सगळ्यात जास्त धावपळ त्यानेच केली. वर फोटो काढतो, आणि चांगले काढतो. गळ्यात तो जाडजूड कॅमेरा अडकवून तो दारातून आत आला की घरातल्या बायका केस सारखे करायला लागतात आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. बायको म्हणते, तुम्ही भाऊजींना पाण्यात पाहता. पाहतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मी फ्रेमा करतो. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. दहा फूट रुंद, आत एक लांब टेबल, भिंतीला पट्ट्यांचे नमुने टांगलेले, कोपऱ्यात काचा उभ्या करून ठेवलेल्या. सव्वीस वर्षं मी लोकांचे आईवडील, लग्नं, पदव्या आणि मेलेली कुत्री काचेमागे बसवतोय. साहजिकच साडूचा एखादा फोटो मोठा करून आला की तो माझ्याकडेच येतो. "साडूबुवा, तुमचा हात लागल्याशिवाय याला शोभा नाही," असं म्हणून तो देतो. एवढ्या वर्षांत त्याने मला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही. फोटो भिंतीवर लागला की पाहुणे म्हणतात, काय सुंदर फोटो. फ्रेमचं कौतुक आजवर एकदाच झालं, तेही ती खिळ्यावरून पडली आणि काच फुटली नाही म्हणून.

त्यात हा माणूस फोटोवर सही करतो. खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक पांढऱ्या शाईने, शेवटच्या अक्षराला शेपटी काढून. पहिल्यांदा ती सही पाहिली तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आजवर एकाही फ्रेमवर सही केलेली नाही. मग मला माझं हत्यार आठवलं. फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची एक चौकट घालतात, तिला माउंट म्हणतात. काच फोटोला चिकटू नये म्हणून ते लागतंच. त्या पुठ्ठ्यात खिडकी केवढी कापायची हे फ्रेमवाला ठरवतो. मी खिडकी उजवीकडून आणि खालून जराशी लहान कापली. सही गेली पुठ्ठ्याखाली. गेल्या नऊ वर्षांत साडूच्या एकाही फोटोवर त्याची सही कुणाला दिसलेली नाही. त्याने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, आणि त्याचाही मला रागच आला.

घरात माझी म्हणावी अशी वस्तू एकच, माशांची टाकी. तीन फुटांची, मी स्वतः बांधलेली. काचा दुकानातच कापल्या, कडा घासल्या, सिलिकॉनने जोडल्या आणि गळते का ते पाहायला दोन दिवस न्हाणीघरात भरून ठेवली. ते दोन दिवस बायकोने शेजारी जाऊन अंघोळ केली. भांडण झालं की ते ती अजून काढते. टाकीत सहा काळ्या मोली आहेत, काचेला तोंड लावून शेवाळ खाणारा एक आळशी सकर आहे, आणि एक म्हातारा एंजल फिश आहे, चपटा, उभ्या काळ्या पट्ट्यांचा. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिवसभर गस्त घालतो, म्हणून माझ्या मुलीने त्याचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं.

मुलीला घरात मुंगी म्हणतात. लहानपणी ती कायम साखरेच्या डब्याशी सापडायची. तेव्हा तिला जेवू घालायचं काम माझ्याकडे होतं. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायच्या, आणि ती हसायला तोंड उघडेल तेव्हा घास कोंबायचा. पुढे ती मोठी झाली, "बाबा, पुरे" म्हणायला लागली, आणि मीही नकला सोडून दिल्या.

टाकीच्या वर भिंतीवर एक फोटो आहे. अर्थात साडूनेच काढलेला. चार वर्षांपूर्वी एका रविवारी ही मंडळी आमच्याकडे आली होती, तेव्हाचा. मुंगी पंधरा वर्षांची, टाकीशेजारी स्टुलावर बसलेली, हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवलेली. काचेतून इन्स्पेक्टर तिच्या नाकाजवळ आलेला. आणि ती हसतेय. तोंडावर हात धरून हसण्याचं तिचं वय सुरू झालं होतं, पण या फोटोत ती मागचे दात दिसेपर्यंत हसतेय. नजर कॅमेऱ्याकडे नाही, थोडी बाजूला आहे. ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, साडूची बायको, म्हणते की हीच तर कला, समोर कॅमेरा आहे हे पोरीला विसरायला लावलं. माशांना खायला घालताना रोज ते हसू माझ्या डोळ्यांत खुपतं. माझी पोर असं हसते, आणि ते साडूच्या कॅमेऱ्यासाठी.

त्या फोटोत एक खोट होती, एवढंच माझं समाधान. उजवीकडे टाकीच्या काचेवर पांढुरकं काहीतरी उमटलं होतं. एवढा महागडा कॅमेरा, आणि काचेवरची चकाकी चुकवता आली नाही. त्यात भर म्हणजे सही नेहमीपेक्षा लांबलचक. मला तेव्हा जवळचा चष्मा लागलेला नव्हता. म्हणजे लागला होता, मी घेतला नव्हता. सही वाढली म्हणजे माजही वाढला, असं मनाशी म्हणून मी माउंट उजवीकडून चांगलं तीन बोटं रुंद घेतलं. चकाकी आणि सही एकाच पुठ्ठ्याखाली गेल्या. फ्रेम भिंतीवर लावल्यावर मी साडूला ऐकवलंही, "तुमची चूक झाकली बरं का." तो म्हणाला, "तुम्हाला नको असेल तर राहू दे."

यंदा मुंगीला दुसऱ्या शहरात लॅब टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश मिळाला. तीन वर्षं हॉस्टेल. हॉस्टेलच्या नियमांचा कागद आला, त्यात सतरावा नियम असा होता की प्रत्येक पलंगामागे भिंतीत एकच खिळा दिलेला आहे, दुसरा ठोकू नये.

"म्हणजे एकच फ्रेम नेता येईल," मुंगी म्हणाली.

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. "मग हाच ने की. भाऊजींनी काढलेला."

"बघू," मुंगी म्हणाली. "अजून बारा दिवस आहेत."

रात्री जेवताना मला भाजी गोड लागेना. तीन वर्षं सकाळी उठल्यावर माझी मुलगी ज्या एका फोटोकडे बघणार, तो साडूचा. फ्रेमवाल्याची पोर, भिंतीत खिळा एक, आणि त्याच्यावर साडू लटकलेला. हे मी होऊ देणार नव्हतो. त्या खिळ्यावर मी काढलेला फोटो लागला पाहिजे, बस्स. जेवणं व्हायच्या आत मी जाहीर केलं, "मी कॅमेरा घेतोय."

"मोबाइल आहे की," बायको म्हणाली.

मोबाइलचं मला कुणी सांगू नये. रोज कुणी ना कुणी मोबाइलमधला फोटो मोठा करून माझ्या दुकानात आणतो. उन्हातले बरे येतात, घरातले सगळे रवाळ होतात. आणि माझ्या मोबाइलमध्ये मासे म्हणजे नुसते रंगीत फराटे. "परवडेल असाच घेतो," मी म्हणालो. "घरातली माणसं आणि मासे नीट आले म्हणजे झालं."

बायकोने ते ताईला सांगितलं, ताईने नवऱ्याला, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात फोन वाजला.

"साडूबुवा, ऐकलं कॅमेरा घेताय. उगाच कशाला खर्च करता? माझा जुना कपाटात पडून आहे. लेन्ससकट घेऊन जा."

"नको. मी ठरवलाय एक." मी काहीही ठरवलेलं नव्हतं.

"अरे वा. कोणता?"

"काळा," मी म्हणालो.

जुन्या पोस्टासमोर एक बाई वापरलेले कॅमेरे विकतात. साठीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं तुटक. त्यांच्या काउंटरवर माझी नजर पहिल्यांदा गेली ती साडूच्या कॅमेऱ्यासारख्या एका धटिंगणावर. जुना होता, कोपरे झिजले होते, पण गळ्यात घातला असता तर दोन घरांपलीकडून दिसला असता.

"हा दाखवा."

"काय काढायचंय?" बाईंनी विचारलं.

"घरच्यांचे फोटो. आणि मासे."

"जाळ्यातले की काचेतले?"

"काचेतले. घरी टाकी आहे."

बाईंनी तो धटिंगण माझ्या हातात दिला. वजन छान होतं. मी तो डोळ्याला लावला आणि साडू माझ्याकडे बघतोय अशी कल्पना केली.

"याच्याबरोबर साधी लेन्स येते," बाई म्हणाल्या. "उन्हात उत्तम. तुमच्या टाकीवर ऊन पडतं?"

"पडू देत नाही. शेवाळ धरतं."

"मग मासा पळून जाईल आणि हा बसेल उजेडाची वाट बघत. याला चांगली लेन्स घ्यायची तर कॅमेऱ्याच्या दुप्पट किंमत." त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. मी एका चकचकीत कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच्यावर तीसपट झूम असं लिहिलं होतं.

"मासा तुमच्यापासून किती लांब असतो?"

"हातभर."

"मग तीसपट कशाला? त्याने सकाळी काय खाल्लं ते बघायचंय?"

असं बोलून कुणी धंदा करतं का, असं माझ्या मनात आलं. तोवर त्यांनी खालच्या कप्प्यातून साबणाच्या वडीएवढा एक कॅमेरा काढला. काळाच होता. एका कोपऱ्याला पोचा आलेला.

"याची लेन्स बदलता येत नाही आणि झूम नावालाच आहे. पण भिंग मोठं उघडतं. थोड्या उजेडातही भागतं, म्हणून मासा हलला तरी पुसट होत नाही. माणसांनाही चांगला. खिशालाही परवडेल. दिसायला मात्र काही नाही."

"ते दिसतंय," मी म्हणालो.

"फ्लॅश कायमचा बंद ठेवा. खोलीतले दिवे घालवा, टाकीचा तेवढा ठेवा. लेन्स काचेला सरळ टेकवा. लांबून आणि तिरका धरलात तर अख्खी खोली काचेत उमटेल."

"बाई, सव्वीस वर्षं मी काचच कापतोय."

"कापताय ना. तिच्यातून फोटो कुठे काढलाय?"

मी तो घेतला. त्यांचं म्हणणं पटलं म्हणून घेतला, पण घरी येईपर्यंत मन खट्टू होतं. साडूच्या गळ्यात एवढं मोठं धूड, आणि माझा कॅमेरा सदऱ्याच्या खिशात मावला.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम फ्लॅश लावून फोटो काढला. बाईंचं सगळंच काय ऐकायचं. फोटोत टाकीच्या जागी पांढरा गोळा आला. मग फ्लॅश बंद करून लांबून काढला, तर माशांच्या मधोमध मीच उभा, तोंडाच्या जागी कॅमेरा. काच मळकी असेल म्हणून मी ती तीनदा पुसली. चौथ्यांदा पुसताना बाईंचं वाक्य आठवलं आणि मी मुकाट्याने खोलीतले दिवे घालवले.

"आता आम्ही अंधारात जेवायचं का?" बायकोने आतून विचारलं.

"पाच मिनिटं."

पाच मिनिटं पाच दिवस चालली. मोली थांबायला तयार नव्हत्या आणि सकर हलायला तयार नव्हता. पण पाचव्या संध्याकाळी इन्स्पेक्टर गस्त घालत सरळ माझ्यासमोर आला आणि थांबला. लेन्स काचेला टेकलेली होती. फोटो मोठा करून आणला तर खवला न् खवला मोजता येत होता आणि डोळ्याभोवतीचं सोनेरी कडंही स्पष्ट होतं. बायकोने तो हातात घेतला. "हा आपला इन्स्पेक्टर?" तिने विचारलं. मला गहिवरून आलं, ते मी खोकून घालवलं.

आता फक्त मुंगीचा फोटो राहिला होता. मी तिला त्याच स्टुलावर, त्याच जागी बसवलं. तिने हनुवटी टेबलाला टेकवली. मी कॅमेरा तोंडासमोर धरला आणि ती पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ झाली.

"हस."

ती हसली. दात दाखवा म्हटल्यावर माणूस दातांच्या डॉक्टरसमोर हसतो तसं.

"असं नाही. मनापासून."

"सांगून कसं मनापासून हसणार, बाबा?"

तीन दिवसांत मी तिचे एकशे चाळीस फोटो काढले. एकातही मागचे दात दिसले नाहीत. मी चिडायला लागलो, ती कंटाळायला लागली. एकदा ती म्हणाली, "तो कॅमेरा जरा खाली घे ना. तुझं तोंडच दिसत नाही."

"माझं तोंड नाही बघायचं, फोटो काढायचाय," मी म्हणालो.

रविवारी साडू आणि ताई आले. साडूने माझा कॅमेरा हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. मी वाटच बघत होतो की हा आता नाक मुरडेल आणि मग मी त्याला दोन शब्द ऐकवीन. पण तो म्हणाला, "छान घेतलात. घरातल्या उजेडाला हाच हवा होता. मी पहिला घेतला तेव्हा मला एवढी अक्कल नव्हती." इन्स्पेक्टरचा फोटो पाहून तर त्याने शिट्टीच वाजवली. त्याच्या कौतुकाने मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून आणखी राग आला.

"याच्यावर मुंगीचा एक काढू का?" त्याने विचारलं.

मी कॅमेरा त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. "बॅटरी संपलीय."

बॅटरी भरलेली असल्याचा हिरवा दिवा सगळ्यांना दिसत होता. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून टाकीचं पाणी बदलायला लागलो. पाणी आदल्याच दिवशी बदललं होतं.

निघायला दोन दिवस उरले तेव्हा मी तीन फोटो मुंगीसमोर टेबलावर मांडले. एक इन्स्पेक्टरचा. एक आम्हा तिघांचा, टायमर लावून काढलेला, त्यात बायकोचे डोळे मिटलेले. आणि एक त्या एकशे चाळिसांतला त्यातल्या त्यात बरा. फ्रेमची पट्टीही मी निवडून ठेवली होती, दुकानातली सगळ्यात महागडी.

तिने तिन्ही नीट पाहिले. "इन्स्पेक्टर फारच छान आलाय. काकांनाही असा नसता जमला."

माझी छाती फुगली. मग तिने भिंतीकडे पाहिलं.

"पण खिळ्यावर मी तोच लावणार, बाबा. आणि त्याचं माउंट काढून दे."

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. म्हणजे साडूचा फोटो हवाच, वर सहीसकट हवा. मी चार वर्षं झाकलेली सही माझ्याच पोरीला माझ्याच हाताने उघडून हवी होती.

"माउंट काढलं की काच फोटोला चिकटते," मी म्हणालो. "ओल धरून डाग पडतात."

"मग खिडकी मोठी काप. सगळा फोटो दिसला पाहिजे, कडेपर्यंत."

"काकांची सही हवी असेल."

माझ्या आवाजात काय होतं ते तिला ऐकू गेलं असणार. "तीही हवी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याबरोबर दुकानात आली. मी फ्रेम टेबलावर पालथी घातली, मागची कागदी पट्टी सोलली, पकडीने चुका, म्हणजे बारीक खिळे, उपटल्या, हार्डबोर्ड काढला. चार वर्षांची धूळ निघाली. मग चष्मा लावला, फोटो उताणा केला आणि माउंट उचललं.

ते पांढुरकं म्हणजे माझं बनियन होतं. टाकीच्या काचेत मी उभा होतो, पुसट, पण ओळखू येण्याजोगा. एक डोळा घट्ट मिटलेला, ओठांचा चंबू, गाल फुगलेले, पोट पुढे काढलेलं, आणि दोन्ही हातांत नसलेला एक कॅमेरा धरलेला. हुबेहूब साडू.

मला सगळं आठवलं. साडू वाकून, एक डोळा मिटून, ओठांचा चंबू करून नेम धरत होता. बायको आणि ताई कौतुकाने बघत होत्या. माझा असा जळफळाट झाला की मी त्याच्या बाजूला, थोडं मागे उभा राहून त्याची नक्कल केली. कुणाला दाखवायची म्हणून नव्हे, नुसती जळजळ बाहेर काढायला. पण मुंगीचं तोंड माझ्याकडे होतं.

"तू याला हसत होतीस?" मी विचारलं.

"मग कशाला? नुसत्या कॅमेऱ्याकडे बघून एवढं कोण हसतं?" ती म्हणाली. "किती वर्षांनी नक्कल केली होतीस तू. आणि सही वाच ना."

मी वाकून वाचलं. साडूचं नाव होतं, शेवटच्या अक्षराची ती शेपटी होती, आणि शेपटीच्या पुढे, त्याच पांढऱ्या शाईने, आणखी बारीक अक्षरात लिहिलं होतं: आणि साडूबुवा.

"काका फोटो घेऊन आले तेव्हाच त्यांनी मला दाखवलं होतं," मुंगी म्हणाली. "म्हणाले, हा आम्ही दोघांनी काढलाय. मग तू फ्रेम करून आणलीस तर त्यात तू नव्हतासच. मला वाटलं, नक्कल पकडली गेली म्हणून तुला लाज वाटली. काकांनाही तसंच वाटलं. म्हणाले, बाबांकडे विषय काढू नको."

मी स्टुलावर बसलो. मला खरोखर लाज वाटत होती, चार वर्षं उशिरा. सव्वीस वर्षांत मी कुणाचं पोर, कुणाची आई चुकूनही माउंटखाली जाऊ दिली नव्हती. गेलो तो मी एकटाच, तोही माझ्याच हाताने. आणि खरं सांगतो, त्या लाजेतही थोडं पोटात दुखलंच. साडूला ते ठाऊक होतं आणि तो गप्प राहिला होता. मोठेपणातही हाच माझ्या पुढे.

मी नवीन पुठ्ठा घेतला. खिडकी एवढी मोठी कापली की चारी बाजूंना सूतभरच पुठ्ठा फोटोवर राहिला. सगळं आत आलं, मुंगी, इन्स्पेक्टर, मी आणि सही. काच नवीन कापली आणि दोन्ही बाजूंनी पुसली. मुंगीने चुका एकेक करून माझ्या हातात दिल्या.

निघायच्या दिवशी सकाळी साडू गाडी घेऊन आला. तिला सोडायला त्याचीच गाडी जाणार होती, हे काय सांगायला हवं. मुंगीने टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम उघडून त्याला दाखवली. तो फ्रेमवर वाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "खिडकी मोठी झाली."

"हो," मी म्हणालो. "मागच्या वेळी माप चुकलं होतं."

सामान गाडीत गेलं. साडूबरोबर आलेली ताई आणि बायको दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. मी खिशातून कॅमेरा काढला. मुंगी काही न सांगता जाऊन टाकीशेजारी स्टुलावर बसली. मी कॅमेरा तोंडासमोर धरला आणि ती पासपोर्टसारखी ताठ झाली. मी कॅमेरा खाली घेतला. हातात दोनदा फिरवला आणि साडूपुढे केला.

"घ्या. फ्लॅश बंदच आहे."

"बॅटरी आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे."

त्याने कॅमेरा घेतला, डावीकडे सरकला आणि वाकला. पडद्यावर बघायचं असूनही त्याने सवयीने एक डोळा मिटला आणि ओठांचा चंबू केला.

"तिरकं धरलंत तर काचेत खोली उमटेल," मी म्हणालो.

"माहीत आहे. साडूबुवा, तुम्हीही बसा की तिच्याशेजारी."

"नको. मी इथेच बरा."

मी त्याच्या बाजूला, थोडं मागे, काचेत येईन अशा बेताने उभा राहिलो. पोट पुढे काढलं, एक डोळा मिटला आणि गाल फुगवले. मुंगी मागचे दात दिसेपर्यंत हसली. साडूने बटण दाबलं. फोटो पुन्हा त्याचाच झाला, आणि तो चांगला आला असणार हे मला न बघताही माहीत होतं.